तुर्कस्तानचा दौरा रद्द झाला, त्याचा हिशेब

2025 च्या मे महिन्यातली गोष्ट. द्राक्षाची खरड छाटणी उरकली होती, बेदाणा कोल्ड स्टोरेजला पडला होता, सौद्याचे थोडेफार पैसे हातात आल्यामुळे लोक जरा निवांत होते. आमच्या तालुक्यातील अकरा बेदाणा उत्पादकांचा एक गट ऑगस्टअखेर तुर्कस्तानला जायचा होता. सरकारी योजनेतून नव्हे, स्वखर्चाने. माणशी पंचवीस हजार रुपये ॲडव्हान्स एका ट्रॅव्हल एजंटाकडे भरून झाला होता. अकरापैकी सात जणांनी आयुष्यात पहिल्यांदाच पासपोर्ट काढला होता. एकाने तर तो देव्हाऱ्यात ठेवला होता, असे त्याच्या मुलाने मला हसत हसत सांगितले. हा दौरा जुळवून आणण्यात माझा पुढाकार होता. त्यामुळे पुढे जे झाले त्यात मीही अडकलो.

तुर्कस्तानच का, असे कोणी विचारेल. बेदाण्याच्या निर्यातीत तो देश जगात पहिल्या क्रमांकावर गणला जातो. त्यांची सुलताना आणि आपली थॉमसन सीडलेस ही एकाच वेलाची दोन नावे आहेत. फरक आहे तो वाळवण्यात. आपण शेडमध्ये रॅकवर, जाळीवर, सावलीत वाळवतो. ते लोक पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेलाच्या द्रावणात घड बुडवून उघड्या उन्हात जमिनीवर पसरतात. इझमीर आणि मनिसा भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिवारेच्या शिवारे अशी पसरलेली असतात. माल एकसारखा कसा राखतात, प्रतवारी कशी करतात, निर्यातीचा माल गावपातळीवर कसा गोळा होतो, हे बघण्यासारखे होते. मनिसाकडच्या एका द्राक्ष उत्पादकाशी माझा फोनवरून पत्रव्यवहारही सुरू झाला होता. त्याची मुलगी इंग्रजीत लिहायची, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायचो.

मग 22 एप्रिल 2025 उजाडला. पहलगामला 26 माणसे मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. 7 मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले. त्या चार दिवसांत तुर्कस्तानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. सीमेवर तीनशे-चारशे ड्रोन पाठवले गेले आणि प्राथमिक तपासात ते तुर्की बनावटीचे दिसतात, असे आपल्या लष्कराने 9 मे रोजी जाहीर केले. लोकांच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. 6 फेब्रुवारी 2023 रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला आणि त्या देशात पन्नास हजारांहून जास्त माणसे दगावली, तेव्हा आपल्या एनडीआरएफच्या तुकड्या आणि लष्कराचे फिरते रुग्णालय तिकडे धावून गेले होते. 'ऑपरेशन दोस्त' हे त्या मोहिमेचे नाव. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना ढिगाऱ्याखालून माणूस काढणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

आठवड्याभरात देशभर एकच हाक उठली, तुर्कस्तान आणि अझरबैजानला जाऊ नका. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण गावात याबद्दल बराच गैरसमज होता. सरकारने तुर्कस्तानला जाण्यावर बंदी घातली नव्हती. विमाने चालू होती, व्हिसा मिळत होता. सरकारने केले ते असे की, आपल्या विमानतळांवर सामान चढ-उताराचे काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी 15 मे रोजी काढून घेतली. बाकी सहलीवरचा बहिष्कार लोकांनी आणि बुकिंग कंपन्यांनी आपणहून केला. मेकमायट्रिपने 14 मे रोजी सांगितले, की आठवड्यात या दोन देशांचे बुकिंग 60 टक्क्यांनी घटले आणि रद्द करणाऱ्यांचे प्रमाण 250 टक्क्यांनी वाढले.

शेडवरची बैठक

आमच्या गटाची बैठक 16 मे रोजी एका बेदाणा शेडवर झाली. गटात एक माजी सैनिक आहेत, गाव त्यांना सुभेदार आबा म्हणते. सत्तरीच्या घरातले. ते बसलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "साहेब, मी न्हाई येनार. पैसं गेलं तर जाऊ द्यात. माझ्या पलटनीवर ज्यानं ड्रोन सोडलं, त्याच्या घरी जाऊन मी जेवू व्हय?"

यावर बोलणे अवघड असते. पण एक तरुण उत्पादक बोलला. अडीच एकर बाग, त्यातली निम्मी कर्जाची. तो म्हणाला, "आबा, तुमचं बरोबर हाय. पर ड्रोन त्या शेतकऱ्यानं सोडलं न्हाई. माझा माल दरसाल काळा पडतोय, पन्नास रुपयानं दर खाली बसतोय. ते शिकायला मी चाललोय. मी न्हाई गेलो तर त्यांचं काय बिघडनार? माझंच बिघडनार."

मला दोघांचेही पटत होते. सरकारी नोकराने अशा वेळी गप्प बसावे हे खरे, पण ॲडव्हान्स माझ्या सांगण्यावरून भरलेला असल्याने गप्प बसता येत नव्हते. मी एवढेच म्हणालो, की आज निर्णय नको, चार दिवस द्या, मी आकडे काढतो.

आकडे काढले ते असे. 2024 मध्ये सुमारे 3 लाख 30 हजार भारतीय तुर्कस्तानला गेले होते. त्या देशात त्या वर्षी एकूण परदेशी पाहुणे आले सव्वापाच कोटींच्या वर. म्हणजे शंभरात आपला एकही धड नाही, अर्ध्याच्या थोडे वर. तरुणाचे म्हणणे आकड्यांत खरे होते. पुढचेही सांगून टाकतो. 2024 च्या जूनमध्ये 38 हजारांवर भारतीय तिथे गेले होते, 2025 च्या जूनमध्ये 24 हजारांच्या आसपास. एकतृतीयांशाहून जास्त घट झाली. पण तुर्कस्तानचे एकूण पर्यटन उत्पन्न 2025 च्या पहिल्या नऊ महिन्यांत वाढलेच. झळ लागली ती अंतल्या, बोद्रुमसारख्या ठिकाणी, जिथे आपल्याकडचे बडे लोक लग्ने लावायला जात, तिथल्या हॉटेलवाल्यांना आणि वाजंत्र्यांना.

व्यापाराचीही दुसरी बाजू आहे. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांत आपण तुर्कस्तानला जास्त विकले आणि त्यांच्याकडून कमी घेतले. आपले सुतासारखे पदार्थ तिकडच्या कापड गिरण्यांना जातात. उद्या त्यांनी उलट बहिष्कार घातला तर सुताची झळ कापूसवाल्यापर्यंत येते.

त्याच आठवड्यात पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणे बंद केल्याची बातमी आली. वर्षाला लाखभर टनांच्या वर हे सफरचंद देशात येत होते, त्यामुळे हिमाचलच्या बागायतदारांचा त्यावर जुना राग होता. ते आधीपासूनच आयात शुल्क वाढवा म्हणत होते, त्यांना हे पथ्यावर पडले. पण पुण्याच्या व्यापाऱ्यांनी पर्याय म्हणून हिमाचलबरोबर इराणचेही नाव घेतले, हे बागायतदारांनी लक्षात ठेवावे. एकाला काढले की त्या जागेवर आपलाच माल बसेल, असे नसते. (खसखशीचे मात्र कोणी नाव काढले नाही. आपल्याकडे येणारी बरीच खसखस तुर्कस्तानातूनच येते. दिवाळीला अनारसे खाताना किती जणांना ते आठवले असेल कोण जाणे.)

शेतकऱ्यांनीच काढलेले हत्यार

बहिष्कार हा शब्द आपल्याला टिळकांच्या चतुःसूत्रीतून माहीत आहे. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्द तर शेतकऱ्यांच्याच भांडणातून आला. 1880 साली आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडाले म्हणून कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली. ती नाकारून त्याने कुळांना जमिनीवरून काढायला घेतले. गावकऱ्यांनी त्याच्या शेतावर जाणे बंद केले, दुकानदाराने माल देणे बंद केले. शेवटी त्याचे पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला फौज. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्या काढणीवर झाला. तो वर्ष संपायच्या आत आयर्लंड सोडून गेला. तिथे मागणी काय होती हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. खंड कमी करा.

देशाने देशावर घातलेल्या बहिष्काराचे आपले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिका. मुळात ती गोष्टही शेतीतून सुरू होते. 1860 पासून नाताळमधल्या उसाच्या मळ्यांवर आपले लोक गिरमिटावर नेले गेले. मुदत संपल्यावर बरेच जण तिथेच राहिले, भाजीपाला पिकवू लागले, जमिनी घेऊ लागले. 1946 मध्ये तिथल्या गोऱ्या सरकारने भारतीयांच्या जमीन घेण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. त्याच वर्षी जुलैमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तेव्हा आपल्या एकूण निर्यातीत त्या देशाचा वाटा पाच टक्क्यांच्या वर होता, त्यात तागाच्या पोत्यांचा भरणा मोठा. देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता, तरी एवढे नुकसान सोसले.

पुढे आपल्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असा शेरा येऊ लागला. ज्यांचे भाऊबंद तिकडे होते त्यांना जाणे-येणे दुरापास्त झाले. 1974 मध्ये आपला संघ डेव्हिस चषक टेनिसच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि समोर दक्षिण आफ्रिका आली. आपण खेळलो नाही, चषक त्यांना गेला. आजपर्यंत तो चषक आपल्याला मिळालेला नाही. 1990 मध्ये नेल्सन मंडेला सुटले, 1991 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्रिकेट संघ कोलकात्याला आला, 1993 मध्ये संबंध पूर्ववत झाले. म्हणजे 1946 ते 1993, सत्तेचाळीस वर्षे. वर्णभेद संपला तो काही एकट्या आपल्या बहिष्काराने नव्हे. तिथल्या लोकांनी रक्त सांडले आणि जगातले बरेच देश नंतर या रांगेत आले. पण मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती, आणि ती पुरी झाल्यावर बहिष्कार उठला.

मालदीवचा बहिष्कार मात्र बघता बघता आला आणि गेला. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल वेडेवाकडे लिहिले आणि आपल्याकडे सहली रद्द होऊ लागल्या. 2023 मध्ये 2 लाख 9 हजार भारतीय तिथे गेले होते, आपला पहिला क्रमांक होता. 2024 मध्ये 1 लाख 30 हजारांच्या आसपास गेले आणि आपण सहाव्या क्रमांकावर घसरलो. त्या छोट्या बेटांचे पोटच पर्यटनावर, त्यामुळे त्यांचे पर्यटनमंत्री आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू भारतीयांना या म्हणून विनवू लागले. तरी त्या वर्षी मालदीवला एकूण पाहुणे आले ते आधीच्या वर्षापेक्षा जास्तच, वीस लाखांच्या वर. चिनी लोकांनी जागा भरली.

आता कांदेवाल्यांनी जरा कान द्यावेत. 5 एप्रिल 2024 रोजी, म्हणजे सहलीचा बहिष्कार ऐन भरात असताना, आपल्या केंद्र सरकारने त्याच मालदीवसाठी 35,749 टन कांदा, 64,494 टन साखर आणि पावणेत्रेचाळीस कोटी अंडी निर्यात करायला खास परवानगी दिली. त्या वेळी आपल्या कांद्याची निर्यात बंद होती आणि नाशिककडचा शेतकरी पडेल भावाने माल देत होता. शेजारधर्म म्हणून सरकारने केले ते योग्यच असेल. सांगायचा मुद्दा एवढाच, की सहल रद्द करणारा माणूस आणि राज्य चालवणारे सरकार यांचे हिशेब वेगळे असतात. 2025 च्या जुलैमध्ये आपले पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेले. जानेवारी 2024 मध्ये ज्यांनी शेजाऱ्याशी तोंड फिरवले होते, त्यांना तोवर कोणी काही कळवले नव्हते.

गावच्या फ्लेक्सवर अकरा नावे

मी आकडे जुळवत होतो तोवर गावात वेगळेच घडले. एसटी स्टँडजवळ एक फ्लेक्स लागला. त्यावर अकरा जणांची नावे होती आणि खाली 'जाहीर निषेध'. कोणी लावला ते कळले नाही. बेदाणा विकत घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याने तो वाचून विचारणा केली. तरुण उत्पादकाची बायको दोन दिवस दळण आणायला बाहेर पडली नाही. त्यातच काही पोरांनी ग्रामसभेपुढे ठराव ठेवायची तयारी केली, की जो तुर्कस्तानला जाईल त्याच्या बागेत गावातला मजूर जाणार नाही, त्याच्या घरच्या कार्याला कोणी जाणार नाही.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) मला रात्री फोन आला. विचारले, काय करू? मी त्यांना सांगितले ते इतर गावांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. 'आमचे गाव तुर्कस्तानच्या भूमिकेचा निषेध करते' असा ठराव ग्रामसभा खुशाल करू शकते. 'आम्ही जाणार नाही' असे माणसे सहीनिशी लिहून देत असतील तर तेही ठीक. पण 'जाईल त्याला वाळीत टाकू' असे सभेच्या वहीत लिहू देऊ नका. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो कायदा मुख्यतः जातपंचायतींच्या जाचावरून झाला, हे खरे. पण वाळीत टाकण्याला ग्रामपंचायतीचा शिक्का लावण्याची हौस कोणत्याच अधिकाऱ्याने करू नये. त्यांनी ते सभेत नीट समजावले. ठराव फक्त निषेधाचा झाला.

तो फ्लेक्स काढला कोणी, तर सुभेदार आबांनी. स्वतः शिडी लावून. खाली उतरल्यावर पोरांना म्हणाले, "मी जानार न्हाई हे माझं मी ठरीवलं. त्याचं त्यानं ठरवावं. फळ्यावर नाव लिवायला ह्यो काय शाळेचा वर्ग हाय?"

दुसरी बैठक 20 मे रोजी झाली. मी सगळे आकडे वाचून दाखवले. आपण न गेल्याने तुर्कस्तानच्या तिजोरीला काही कळणार नाही, हेही सांगितले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तो तरुणच म्हणाला, "तिजोरीला कळायचं न्हाई. पर त्या शेतकऱ्याला तर कळंल. त्याला सांगू तरी आपन का येत न्हाई." हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. बहिष्कार घालणारे हजारो, पण ज्याच्याकडे उतरायचे होते त्याला कारण किती जणांनी कळवले? आठ जण आपणहून रद्द म्हणाले, तिघे कुरकुरत. एकट्याने जाण्यात अर्थ नाही म्हणून त्यांनीही होकार दिला. त्या तिघांना मी देशभक्त नाही असे म्हणणार नाही, त्यांची उमेद मोठी होती.

पैशाचा हिशेब मात्र कडू निघाला. एजंटाने पंचवीस हजारांतले साडेपंधरा हजार परत दिले, तेही तीन खेपा मारल्यावर. माणशी साडेनऊ हजार गेले, अकरा जणांचे मिळून एक लाख साडेचार हजार. रद्द करण्याच्या अटी पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापल्या होत्या, त्या आम्ही कोणीच, मीसुद्धा, वाचल्या नव्हत्या. गटाने दौरा ठरवताना 'युद्ध, आंदोलन किंवा गटाचा निर्णय यामुळे रद्द झाल्यास किती कापणार' हे आधी लेखी घ्या. तरुण उत्पादकाने ॲडव्हान्स सोसायटीतून उचलून भरला होता. त्याचे साडेनऊ हजार गटाने आपल्या शिलकीतून भरून दिले. ही सूचना आबांची.

पत्र मी लिहिले. आमच्या देशात 26 माणसे मारली गेली, त्यानंतर तुमच्या सरकारने घेतलेल्या भूमिकेमुळे आम्ही येत नाही, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही, एवढाच मजकूर. आठ दिवसांनी त्याच्या मुलीचे उत्तर आले. मेलेल्या माणसांबद्दल तिने दुःख व्यक्त केले होते. त्यांच्याकडच्या बातम्यांत मात्र वेगळेच सांगितले जात होते, ते काही गटाला आवडले नाही. खाली तिने लिहिले होते, की आलात तरी यंदा दाखवायला फारसे काही नव्हते. 2025 च्या एप्रिलमध्ये तुर्कस्तानात कडाक्याची थंडी पडून जर्दाळू, हेझलनट आणि द्राक्षांचे अतोनात नुकसान झाले, हे मी वाचले होतेच. त्यांच्याही बागेचे कोवळे फुटवे एका रात्रीत काळे पडले होते. सोबत फोटो होता.

फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. त्या मेमध्ये आपल्याकडेही पावसाने धुमाकूळ घातला होता, काहींच्या शेडवरचा शेवटचा माल भिजला होता. सुभेदार आबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, "साहेब, इचारा त्याला, डोळा परत फुटला का?"

मी विचारले. जूनमध्ये उत्तर आले, की मागचे डोळे फुटले आहेत, पण घड चौथा हिस्सादेखील नाहीत.